माळाच्या तुरीचे बी

ही हकिगत लिहायचे मी बरीच वर्षे टाळले. प्रसंग येत नव्हते असे नाही. पारावर पावसाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचे, "म्हातारीचं बी बिघडलं तवापासून माळाला तूर न्हाई." मी तिथेच बसलेलो असायचो. सुपारी कातरत राहायचो, किंवा काहीतरी निमित्त काढून उठायचो. माझ्या बायकोला यातले अर्धे ठाऊक होते. ती आता नाही. ज्यांना सांगायला हवे होते ती माणसेही फारशी उरलेली नाहीत, आणि गावाने जे धरून ठेवले आहे तेच पुढे चालेल असे दिसते. ते खरे नाही.

आमचे गाव बीदर जिल्ह्यात, गुलबर्ग्याच्या हद्दीला लागून. आता कलबुर्गी म्हणतात. मी लिहितो त्या काळात सगळे गुलबर्गाच म्हणत. बाजाराला आम्ही चिटगुप्प्याला जातो. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी काळे रान आहे आणि वरच्या अंगाला लाल माळ. माळाची माती हात-दोन हात, खाली दगड. पाऊस पडला की माळ पाणी पितो आणि आठवड्यात कोरडा होतो. वाटणीत थोरल्या भावाला काळे रान गेले, मला माळ आला. भाऊ लवकर वारला. त्याचे रान वहिनी बटईने कसायला द्यायची. तिला एकच मुलगी, ती बीदरला दिलेली. आमची घरे वेगळी झाली होती, पण मधली भिंत एकच होती, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजले आहे हे दोन्ही घरांना वासानेच कळायचे.

वहिनीकडे बी असायचे. घरच्या भाजीपाल्याचे बी सगळ्याच बायका ठेवतात. हे तसे नव्हते. हे माळाच्या तुरीचे बी. हिचे झाड कमरेच्या वर जात नसे, दाणा बारीक आणि तांबूस. उतारा काळ्या रानातल्या तुरीच्या निम्माही नाही, म्हणून बऱ्या वर्षी तिच्याकडे कुणी बघत नसे. पण पहिली पेरणी वाया गेली आणि पाऊस उशिरा परतला, की श्रावणात पेरूनही ही तूर घरात वरणापुरते आणि बाजारापुरते थोडे देऊन जायची. दसऱ्याला फुलायची आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर शेंगा भरून मोकळी व्हायची. उरलेले वर्ष काढायला ती होती.

बी नेण्याची रीत ठरलेली होती. नेताना शेर सपाट भरून न्यायचा, म्हणजे वरून हात फिरवून. परत आणताना शेरावर शीग लावून आणायचा, मावेल तेवढी. किती शीग, हे वहिनी बघत नसे. पिकले नाही तर नुसते येऊन सांगायचे, एवढेच. परत आलेले बी ती खायला काढायची. पुढच्या वर्षीचे बी मात्र तिचे स्वतःचे असायचे, आणि ते माझ्या माळावर व्हायचे.

दर वर्षी मी माझ्या रानात मधोमध सहा तासं, म्हणजे पेरणीच्या सहा ओळी, तिच्यासाठी सोडायचो. बी तिचे, रान माझे. तिचे काळे रान असताना माझ्या माळावर कशाला, असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "तितं गाद्यावर लोळून वाढतंय ते, भावजी. मग माळाला आलं की रडतंय." शेंगा भरायला लागल्या की ती जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याच्या चिंध्या घेऊन यायची आणि त्या सहा तासांत हिंडून निवडक झाडांना एकेक चिंधी बांधायची. सगळ्यात मोठे झाड ती कधी निवडत नसे. कापणीला चिंधीची झाडे वेगळी काढायची, त्यांचे दाणे राखेत घोळून मडक्यांत भरायचे, तोंडाला शेणमाती लावायची.

नव्वदनंतरच्या वर्षांत पावसाची घडी विस्कटली. अगोदर पाच-सात वर्षांनी एकदा मृग कोरडा जायचा. मग दोन-तीन वर्षांनी जायला लागला. कधी मृगात पडून महिनाभर गडप, कधी काढणीच्या वेळेला धो धो. लोकांनी आपापल्या परीने मार्ग काढले. मूग-उडीद बऱ्याच जणांनी सोडले, कारण ऐन तोडणीला पाऊस यायचा. सोयाबीन आले, ते लवकर निघते, हातात पैसा येतो. काही घरे सुगी झाली की पुण्याला, हैदराबादला बांधकामावर जायला लागली. वहिनीने काय केले, तर दोन मडक्यांची पाच मडकी केली. "आधी म्हातारीला कवा तरी इचारायचे," ती म्हणायची, "आता दर वर्साआड दारात उभे ऱ्हायलेत. बी लागंल."

त्याच सुमारास मीही माळावर सोयाबीन घ्यायला लागलो. बैल विकले, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने. ट्रॅक्टरवाला गावातलाच, तोंडाचा फटकळ. दर वर्षी त्या सहा तासांपाशी आला की थांबायचा.

"अण्णा, ह्ये मधीच काय ठिवायलाव? म्या वळवू कुटं? तुमच्या डोस्क्यावरनं?"

"वैनीचं हाय."

"मंग वैनीलाच धरा म्हणावं स्टेरिंग."

पुढे अडचण आणखी होती. सोयाबीन आश्विनात निघायचे आणि लगेच ओलीवर हरभरा टाकता यायचा. तूर मात्र मार्गशीर्षापर्यंत मधोमध उभी. दोनदा ट्रॅक्टर वळवा, दोनदा भाड्यावरून वाद. तक्रार एवढीच होती. यापेक्षा मोठे कारण माझ्यापाशी नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

एका वैशाखात वहिनी माळवदावर सांडगे वाळत घालायला चढली आणि उतरताना शिडीवरून पडली. खुब्याचे हाड मोडले. बीदरला महिनाभर दवाखाना झाला, मग आमच्याच ओसरीवर खाट टाकली. दिवाळीपर्यंत तिला उठायचे नव्हते. पेरणीच्या आदल्या दिवशी तिने बायकोकडून मडके काढवून बी माझ्या हातात दिले. मी ते रानात नेले. ट्रॅक्टरवाला सहा तासांपाशी येऊन थांबला आणि माझ्याकडे बघितले. मी हाताने खूण केली, सरळ जा. त्याने सगळ्या रानात सोयाबीन पेरले. तुरीचे बी मी कोठीत एका डब्यात ठेवले.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनीने विचारले, "टाकलं का भावजी?"

"टाकलं," मी म्हणालो.

एकदा हे म्हटल्यावर पुढचे सगळे म्हणावेच लागले. उगवले का, उगवले. खुरपले का, खुरपले. दसऱ्याला तिने विचारले, फुलोरा कसा आहे. मी म्हणालो, चांगला आहे. मग तिने पडल्या पडल्या एक काठ फाडून चिंध्या केल्या आणि माझ्या हातात दिल्या. कोणत्या झाडाला बांधायच्या हे तिने मला समजावून सांगितले. वीस-पंचवीस मिनिटे सांगत होती. उंच झाड नको, बांधाकडचे नको, ज्याच्या खालच्या फांदीला शेंगा आहेत ते बघा, एकाच वेळी भरलेल्या बघा. मी मान डोलावत ऐकले. हे सगळे तिने दुसऱ्या कुणाला कधी सांगितले नव्हते, मलाही त्या आधी नाही. रानात तेव्हा हरभरा पेरायची तयारी चालू होती.

माझी बायको खुरपायला रानात जायची, त्यामुळे तूर पेरलेली नाही हे तिला कळलेच. तिने मला विचारले. मी सांगितले की हुलसूरकडे एका पाहुण्याकडे हेच बी आहे, ते आणून देतो. तिने पुन्हा विचारले नाही.

हुलसूरकडे असा कोणी पाहुणा नव्हता. डब्यातले बी तरी होते, असे वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटले होते. पौषात डबा उघडला तर भुंग्यांनी सगळे पोखरलेले. राख घालायचे मी विसरलो होतो. मग मूठभर दाणे नमुन्याला घेऊन मी गुलबर्ग्याला गेलो. तिथे तुरीचा मोठा बाजार. चार दुकाने फिरून रंगाला जुळेल अशी तूर शोधली. दाणा किंचित मोठा होता. दुकानदाराने कानडीत विचारले, खायला की पेरायला. मी पेरायला म्हणालो. तो म्हणाला, मग काळ्या रानातच पेरा, ही उशिराची आहे, हिला ओल लागते. मी बरे म्हणालो आणि पोते उचलले.

वहिनी तेव्हा काठी घेऊन उठू लागली होती. तिने मूठ भरून दाणे हातातून सोडले, पुन्हा भरले.

"औंदा दाणा जाड वाटायलाय."

"पाऊस बरा झाला की, वैनी."

"व्हय, तसंच असंल," ती म्हणाली आणि राख मागितली.

मागच्या वर्षीच्या मडक्यांत थोडे खरे बी शिल्लक होते. नवे आले म्हणून ते तिने माझ्या बायकोला दिले. "भुंगं लागायच्या आधी वरणाला घ्या." बायको म्हणाली, "अक्का, थोडं ऱ्हाऊ द्या की." ती म्हणाली, "कशाला? नवं आलंय की. भावजीनी एवढं केलंय." त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तरी पुढचे टळले असते. आम्ही ते वरण महिनाभर खाल्ले. त्याला चव चांगली असायची, नेहमीच.

पुढच्याच वर्षी मृगाने दगा दिला. पाऊस दोन दिवस पडला, लोकांनी सोयाबीन पेरले, उगवलेही, आणि मग पाच आठवडे थेंब नाही. माळावरची रोपे जागेवर वाळली. आषाढाच्या शेवटी पाऊस परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या दारात माणसे आली. दहा-बारा घरे असतील. मडकी वर फळीवर होती. वहिनीला चढता येत नव्हते, म्हणून मी चढलो आणि एकेक मडके खाली दिले. शेरही मीच भरला, वरून हात फिरवून.

त्यात एक धनगराचे घर होते. यांच्या मेंढ्या पूर्वी खतासाठी आमच्या रानात बसायच्या. गायराने संपली तशा त्यांनी मेंढ्या विकल्या आणि माळावर दोन एकर घेऊन शेतीत उतरले. नवरा मोकळ्या स्वभावाचा. शेर झोळीत घेताना वहिनीला म्हणाला, "अक्का, मेंढरू हाक मारली की येतंय. तुरीला काय म्हणून बोलवू?"

"तिच्या वाटंला जाऊ नगंस म्हंजे येती," वहिनी म्हणाली. सगळे हसले.

मग त्याने मला विचारले, "तुमी न्हाई घ्यायलाव का, अण्णा?"

"मी करडई टाकणार हाय," मी म्हणालो.

त्या वेळी मी मनाशी म्हणत होतो की तूर ती तूर, येईल. पण मी स्वतः ती पेरली नाही.

ती उगवली छान. भाद्रपदात माणसाच्या छातीला लागली, आणि लोक वहिनीला येऊन सांगू लागले की अशी तूर माळाने कधी बघितली नाही. वहिनीचा चेहरा तेव्हा मी पाहिला. ती खूश नव्हती. "उंच लई व्हायली," एवढेच म्हणाली. दसऱ्याला फूल नाही. दिवाळी झाली तरी थोडेच. पाऊस तोवर संपला होता. फुले आली तेव्हा माळात ओल नव्हती. ती गळून गेली. मार्गशीर्षात माळावर उंच, वाळलेली, बिनशेंगांची झाडे उभी होती. सरपणाला लोकांनी ती कापून नेली.

पिकले नाही तर येऊन सांगायचे, अशी रीत होती. त्या वर्षी सगळे एकदमच आले. धनगराची बायको पुढे होती. तिने एक झाड उपटून आणले होते, ते वहिनीच्या उंबऱ्यावर टाकले.

"अक्का, हेची शेंग कुटं हाय तेवढी दावा. का आमाला नुसती लाकडंच दिलाव?"

मागून कुणीतरी म्हणाले, "बाजारचं भरलंय मडक्यात, गावरान म्हणून." दुसरा म्हणाला, "म्हातारी वर्षभर खाटंवर. कुणी निवडलं बी?"

वहिनी काठी धरून उभी होती. ती म्हणाली, "बाजारचं मी घराला शिवू दिलं न्हाई कवा. भावजीच्या रानातलं हाय. इचारा त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. धनगर म्हणाला, "व्हय का, अण्णा?"

माझ्यापाशी खरे सांगायला जागा होती. माणसे बारा-पंधरा, सगळी ओळखीची. फार तर चार शिव्या मिळाल्या असत्या. मी म्हणालो, "रान माझं, बी वैनीचं. मला त्या बियातलं काय कळतंय?"

एवढेच बोललो. यातला कुठलाही शब्द तसा खोटा म्हणता येणार नाही, असे मी नंतर कित्येकदा मनाशी घोळवले. पण त्या बोलण्याने ओझे तिच्या अंगावर गेले, आणि ते जावे म्हणूनच मी तसे बोललो होतो. वहिनीने माझ्याकडे बघितले. तिला संशय आला असेही मला वाटले नाही. ती आठवत असल्यासारखी दिसत होती, आपले कुठे चुकले हे.

त्यानंतर ती म्हणायला लागली की आपल्या हाताला आता बी राहत नाही. पडून राहिले, दुसऱ्याच्या डोळ्यांनी निवडले, ते भोवले. दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या, पण तसे ती कधी बोलली नाही. मी सांगितले तसे भावजींनी केले, मलाच नीट सांगता आले नाही, असे म्हणायची. मडकी तिने मागतील त्यांना देऊन टाकली. मी त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी गुपचूप आसपासच्या दहा-पंधरा गावांत ते बी शोधले. हुमनाबादच्या बाजूला गेलो, औरादकडे गेलो. लोक म्हणायचे, आजोबाच्या वेळेला होते. सगळीकडे सोयाबीन झाले होते. गावाच्या माळावर नंतर पहिली पेरणी गेली की दुसरी पेरायला काही उरले नाही. धनगराच्या घराने त्याच माघात माळ पडीक टाकला आणि हैदराबाद गाठले. आणखी तीन घरे त्यांच्या मागे गेली. ती त्या तुरीमुळेच गेली असे मी म्हणणार नाही. जाण्याची वेळ सगळ्यांवर येतच होती. पण ती त्याच वर्षी गेली, ते मात्र त्यामुळे.

वहिनी पुढे मुलीकडे बीदरला गेली, मैलूर भागात. चार वर्षांनी मी तिला भेटायला गेलो. बोलायचे ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्येही जुळवली होती. मुलीने चहा ठेवला. वहिनी खूप वाळली होती, पण डोके शाबूत. पाऊस विचारला, सोयाबीनचा भाव विचारला. माझ्या बायकोच्या गुडघ्यांना एरंडाचे तेल सांगितले. मुलगी आत गेली तेव्हा मी म्हणालो, "वैनी, त्या तुरीचं..."

तिने मला पुढे बोलू दिले नाही. "मीच काढणार व्हते ते," ती म्हणाली. "भावजी, तुमी हिंडता-फिरता. त्या धनगराचं घर कुटं भेटलं तर माझा एक निरोप सांगा. म्हणावं, म्हातारीच्या हातनं चुकलं. दोन एकर माळ नवा घेतला व्हता त्येनी. माफ करा म्हणावं. मला तितवर जायाचं व्हत न्हाई आता."

मी म्हणालो, "सांगतो."

"इसरू नगा."

"न्हाई."

मग मुलगी चहा घेऊन आली. मी चहा प्यालो आणि साडेचारची बस धरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वहिनी गेली. मातीला मी होतो.

धनगर मला दीड-दोन वर्षांनी चिटगुप्प्याच्या बाजारात भेटला. लग्नासाठी गावाकडे आला होता. अंगात पँट-शर्ट, खिशात मोबाईल. हैदराबादला एका मोठ्या इमारतीवर वॉचमन होता. त्यानेच मला हाक मारली. हॉटेलात बसवले, चहा सांगितला. मुले शाळेत आहेत, घरात तेलुगू बोलतात, मेंढी बघितली तर कुत्रे आहे म्हणतात, असे सांगून हसला. माळ विकायचा आहे, गिऱ्हाईक असेल तर बघा, असेही म्हणाला. मग म्हणाला, "अक्का गेल्या म्हणं."

"व्हय."

"आमची बायको लई बोलली त्यास्नी त्या दिवशी. अजून म्हणती, झाड उंबऱ्यावर टाकाय नको व्हतं." त्याने चहा बशीत ओतला. "त्या तरी काय करतील. अंथरुणाला खिळल्या व्हत्या."

मी कप खाली ठेवला. वहिनीचा निरोप सांगायचा तर तो खोटा होता. चुकले होते माझ्या हातून. आणि तो का खोटा हे सांगायचे तर सगळेच सांगावे लागणार होते, पेरणीच्या दिवसापासून. हॉटेलात गर्दी नव्हती. त्यालाही घाई नव्हती.

"वैनीनं तुमाला एक सांगा म्हणलं व्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"पोरं बरी हायत का, इचारलं व्हतं."

"बरी हायत," तो म्हणाला.